वामन मास्तरांची राजधानी

मध्य प्रदेशातल्या, पण महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेल्या पांढुर्ण्याच्या वामन मास्तरांनी एकच प्रश्न इतक्या वर्गांना विचारला होता, की एव्हाना त्याचं उत्तर फळ्यालाही पाठ व्हायला हवं होतं. "आपल्या राज्याची राजधानी कोणती?" आणि दरवर्षी अख्खा वर्ग छातीठोकपणे ओरडायचा, "नागपूर!"

पोरांचा तरी काय दोष? चष्मा नागपूरचा, लग्नाचा बस्ता नागपूरचा, मावशी नागपूरची, किडका दात काढायचा तोही नागपूरलाच. भोपाळ म्हणजे कागदांवर शिक्के मारणारं कुठलंतरी लांबचं गाव. मास्तरांना हे फार झोंबायचं. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. त्याआधी एका तरी वर्गाला भोपाळची विधानसभा डोळ्यांनी दाखवायची, असा त्यांनी पणच केला. परवानगीसाठी इतके खेटे घातले, की बाबू लोक त्यांना पाहून चहाला पळू लागले. अखेर एका दिवसाची परवानगी मिळाली आणि थंडीत कुडकुडत पाचवीची पोरं स्टेशनवर उभी राहिली.

भोपाळची गाडी पलीकडच्या फलाटावर यायची होती. खात्री करायला मास्तर पूल चढून गेले, तेवढ्यात अलीकडे नागपूरची गाडी लागली. झालं! ती गाडी दिसली की पांढुर्ण्याचे पाय डोक्याला विचारत नाहीत. शाळेत पोरांचं जेवण रांधणाऱ्या मालतीबाई पुऱ्यांचा डबा डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी चढल्या. "चढा रे पोट्टेहो, खिडकी धरा!" पोचवायला आलेल्या आयांनी उरलेली पोरं आत ढकलली.

मास्तर पुलावरून ओरडत धावले. "उतरा! अरे, ही नागपूरची आहे!"

"माहीत आहे न, सर," पाचवीतली उर्वशी खिडकीतून म्हणाली. "तुमची जागा धरून ठेवली."

एकाला खाली ओढावं, तर दुसरा वरच्या बाकावर. गाडी हलली. शेवटी मास्तरच धापा टाकत आत.

"मालतीबाई, महिनाभर मी भोपाळ भोपाळ करून राहिलो!"

"मले काय माहीत जी? शहरात जायचं म्हटलं का हेच गाडी असते."

भोपाळच्या वाटेवरचं तिगाव यायला हवं होतं, तिथं नागपूरच्या वाटेवरचं नरखेड आलं. मास्तर उतरण्यासाठी उठणार, तोच शेजारच्या रुळावरून भोपाळची गाडी धडधडत पांढुर्ण्याकडे निघून गेली. पोरांनी हौसेनं तिला टाटा केला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"आता इथं उतरून काय गोटे मोजता?" मालतीबाई म्हणाल्या. "पुरी खा."

नागपुरात मास्तरांनी पोरांना तरातरा विधानभवनासमोर नेऊन उभं केलं. निदान असली इमारत दिसते कशी, ते तरी कळू दे!

"सर, हे आपलं?" उर्वशीनं विचारलं.

"नाही. महाराष्ट्राचं."

"मग आपण दुसऱ्याचं कायले पाहून राहिलो?"

"मालतीबाईंना विचार!"

फाटकावरचा शिपाई पोरांच्या छातीवरचे शाळेचे बिल्ले वाचत सारं ऐकत होता. "पांढुर्ण्याचे का, गुरुजी? मग इकडे कुठं? तुमची राजधानी तर भोपाळ!"

त्याला मिठी मारावी की बदडावं, हे मास्तरांना ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी कपाळाला बाम चोळून ते वर्गात आले. इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडून निघूनच गेलं, "आपल्या राज्याची राजधानी कोणती?" आणि त्यांनी घाईनं कान झाकले.

"भोपाळ!"

मास्तरांनी हात काढले. "पुन्हा म्हणा."

"भोपाळ!"

"आज कसं काय आठवलं रे?"

"सोपं आहे, सर," उर्वशी उभी राहिली. "नागपूरची गाडी आपल्याला कधी सोडून जात नाही. जी सोडून गेली, ती राजधानीची."

मास्तर खुर्चीत बसले. उत्तर बरोबर होतं आणि तरी जिवाची तडफड होत होती. मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि भोपाळला नवा अर्ज लिहायला घेतला. उन्हाळ्याला अजून अवकाश होता. या खेपेला मालतीबाईंना मात्र आदल्या दिवशीच पुलापलीकडे नेऊन बसवायचं होतं.