दाजींचा जाहीर निषेध

अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवावं, पाटावर बसवून त्याचे पाय धुवावेत आणि त्याला धोंड्याचं जेवण घालावं, असं शास्त्र आहे. त्याच दिवशी दुपारी त्याच जावयाला बीड शहरात भर रस्त्यावर जोडे मारावेत, असं मात्र कुठल्याही शास्त्रात नाही. आमच्या घरात हे दोन्ही विधी एकाच दिवशी पार पडले. दोन्ही माझ्याच हातून.

आधी माझी बाजू सांगतो. (नंतर ती ऐकायला कुणी थांबत नाही, हा अनुभव आहे.)

'गोफण्या' ही चित्रकथा ज्यानं लहानपणी वाचली नाही त्याच्याशी मी बोलत नाही. मेंढरं राखणारा गोफण्या, खांद्यावर काळी घोंगडी, कमरेला गोफण, सोबत ढवळी नावाची मेंढी. वाळूचोर असो, रेशनचं धान्य पळवणारा असो की पाण्याचा टँकर स्वतःच्या उसाकडं वळवणारा पुढारी, गोफण्याचा धोंडा नेमका त्याच्या टाळक्यात. मी वाचायला शाळेत शिकलो नाही, गोफण्यात शिकलो. आज मी जी पत्रकं काढतो, त्यातली निम्मी वाक्यं गोफण्याच्या तोंडची आहेत. आणि पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत गोफण्याच्या घोंगडीला एकाही वैऱ्याचं बोट लागलेलं नाही. हे लक्षात ठेवा.

आता या सिनेमावाल्यांनी काय केलं? गोफण्याच्या हातात पिस्तूल दिलं. गोफण्याच्या! ढवळी मेंढी काढून टाकली आणि तिच्या जागी झिपऱ्या केसांचा विलायती कुत्रा आणला. गाणं बर्फात. बर्फात हा माणूस मेंढरांना काय चारतो, हे दिग्दर्शकाला विचारणारा महाराष्ट्रात एक मायचा लाल निघाला नाही. आणि ट्रेलरच्या शेवटी तर कळस. डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला, दाढीवाला एक गुंड गोफण्याची घोंगडी चिखलात टाकतो, बुटानं तुडवतो आणि वर हसतो.

माझं डोकं फिरलं. मी तो ट्रेलर इतक्यांदा पाहिला, की माझ्या मोबाईलचा डेटा संपला. मग सलीमच्या मोबाईलवर पाहिला.

सलीम म्हणजे माझा दोस्त, त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. आम्ही दोघांनी 'गोफण्याप्रेमी संघर्ष समिती' काढली. अध्यक्ष मी, सचिव सलीम, आणि दोन सदस्य, जे सलीमच्या दुकानात फुकट चहा मिळतो म्हणून आले. सिनेमा कंपनीला निवेदन पाठवलं: घोंगडी तुडवण्याचं दृश्य तात्काळ काढा, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. उत्तर नाही. सिनेमा लागला. आम्ही रविवारी थेटरासमोर जोडेमारो आंदोलन जाहीर केलं.

"तू पिक्चर बगितलास का बे?" सलीमनं विचारलं.

"बहिष्कार टाकलाय. बघू कसा?"

"म्हंजी न बगताच?"

"पाण्याला वास येतो हे कळायला पाणी प्यावं लागतं का?" मी म्हणालो. (हेही वाक्य गोफण्याचंच.)

सलीमनं ट्रेलरमधल्या त्या गुंडाचं तोंड थांबवून, मोठं करून फ्लेक्स छापला. दरवाजापेक्षा मोठं तोंड. खाली लाल अक्षरात 'जाहीर निषेध' आणि 'या नराधमाला जोडे मारा'. छापताना सलीम एकदा थबकला.

"ह्याचे कान कुटंतरी बगितलेत यार."

"गुंडांचे कान असेच असतात. छाप."

आणि नेमका त्याच रविवारी आमच्या घरी धोंडा.

माझी थोरली बहीण वडवणीला दिलेली. दाजींचं तिथं ठिबक आणि तुषार सिंचनाच्या पाइपांचं दुकान. माणूस सज्जन, पण बोलत नाही. रुसला तरी बोलत नाही, आणि हेच भयंकर. तीन वर्षांमागच्या धोंड्यात आबांनी आणलेला सदरा दाजींना पोटावर बसला नाही. दाजी एक शब्द बोलले नाहीत. सदरा घडी करून ठेवला आणि तेव्हापासून ताईचं माहेरी येणं आटलं. दिवाळीला सासूबाईंचे गुडघे, पंचमीला दुकानाचा माल, काही ना काही. यंदा ताईनं कसंतरी कबूल करून घेतलं होतं, की धोंडा नीट झाला तर महिनाभर माहेरी राहीन.

"हे बग," आई मला म्हणाली, "यंदा काय वाकडं झालं तर माजी लेक मला पुढच्या धोंड्यापस्तोर दिसायची न्हाई. तुजी ती समिती एक दिस खुंटीला टांग."

"आंदोलन जाहीर झालंय, आई."

"आंदोलन जाहीर झालंय म्हनं. कुनी बोलवलं होतं त्याला?"

सकाळी मी स्वतः दाजींच्या पायावर पाणी घातलं. आईनं ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले. दाजी त्या दिवशी चक्क हसत होते. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. पण माझं लक्ष घड्याळाकडं. पान आणतो म्हणून सटकलो, दारातल्या दिसतील त्या चपला पायात सरकवल्या आणि थेट थेटर गाठलं.

मी गेल्यावर घरी काय झालं ते मला नंतर ताईनं सांगितलं. (ओरडून सांगितलं.) दाजींनी हात धुतले आणि म्हणाले, "मामा, मामी, समद्यांनी तयार व्हा. पिक्चरला जायचंय. सस्पेन्स हाय."

ज्या माणसानं लग्नात नाव घ्यायलाही नकार दिला, तो सगळ्यांना पिक्चरला नेतोय म्हटल्यावर आई-आबा हरखून गेले. रिक्षा केली. रिक्षा थेटराच्या वळणावर आली आणि दाजींना समोर स्वतःचं तोंड दिसलं. दरवाजापेक्षा मोठं. समोर ही गर्दी. खालची लाल अक्षरं माणसांच्या डोक्यांआड गेलेली.

आमच्या जिल्ह्यात माणूस मोठा झाला की नाही हे त्याच्या फ्लेक्सवरून ठरतं. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स नसला तर माणसाला स्वतःच्या जन्माची शंका येते. दाजींचा आजवर एकही फ्लेक्स लागला नव्हता.

"मामी," दाजी फ्लेक्सकडं बोट दाखवत म्हणाले, "म्हनलं न्हवतं का सस्पेन्स हाय? त्यो मी हाय."

"आवं, डोळ्याला काय झालंय पन?" ताई घाबरली.

"ॲक्टिंग हाय ती."

झालं होतं असं, की सिनेमाचं शूटिंग बीडजवळच कपिलधारला होतं आणि पावसाच्या सीनसाठी दाजी तुषार संच घेऊन गेले होते. दिग्दर्शकानं त्यांचे कान पाहिले आणि दाढी चिकटवून जागच्या जागी गुंड केलं. दाजींनी ही गोष्ट महिनोन्महिने पोटात ठेवली. धोंड्याला सासुरवाडीत सांगायची म्हणून! आईनं रिक्षातूनच फ्लेक्सला हात जोडले. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण, आणि इथं नारायणाचा फोटोच लागलेला.

दाजी उतरले. सदरा सारखा केला. लोकांचे नमस्कार घ्यायला गर्दीतून पुढं निघाले.

त्याच क्षणी मी पहिली चप्पल हाणली. नाकावर.

गर्दीनं "हाणा, हाणा" केलं. दुसरी कानावर बसली. तिसऱ्या तडाख्यासाठी हात उचलून वळतो तर पुढ्यात दाजी. खरं सांगतो, माझं काळीज सुपाएवढं झालं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरचं माणूस माझ्या आंदोलनाला आलं होतं.

"या दाजी," मी चप्पल पुढं केली. "घ्या, तुमी बी हाना एक. पाव्हन्याचा मान पहिला."

दाजींनी फ्लेक्सकडं पाहिलं नाही. चपलेकडं पाहिलं.

"ह्या तर मला घेतलेल्या चपला," ते हळूच म्हणाले. "आहेराच्या."

मागून आई गर्दी फाडत आली. "आरं मेल्या, ते जावई हायत आपले."

"मग मी कुठं नाही म्हणतोय?"

"हितं न्हाई, तितं. वर बग."

मी वर पाहिलं. खाली पाहिलं. परत वर पाहिलं. कान तेच होते.

"मी म्हनलो होतो," सलीम म्हणाला.

कुणीही शहाण्या माणसानं इथं माफी मागितली असती. पण मी संतापलेलोच होतो आणि समोर प्रत्यक्ष गुन्हेगार सापडला होता.

"दाजी, तुमी गोफण्याची घोंगडी तुडवलीत?"

"डायरेक्टर म्हनला तुडवा."

"उद्या तो म्हनला माडीवरून उडी मारा, तर माराल?"

"खाली गादी टाकली तर मारीन की," दाजी शांतपणे म्हणाले.

शेवटी ताई मध्ये पडली. "भांडनं नंतर करा. मला ह्यांचा शीन बगायचाय. आन तू बी आत चल. शीन आला की उटून टाळ्या वाजीव. न्हाईतर हे मला आजच्या आज वडवनीला नेत्यात, कळलं का? महिनाभर राहीन म्हनून पिशवी भरून आनलीय मी."

अशा रीतीनं बहिष्कार समितीचा अध्यक्ष दाजींनी काढलेल्या तिकिटावर आत गेला. सलीम बाहेर फ्लेक्स धरून उभा राहिला. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी पक्ष बदलणाऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

सिनेमा मला वाटला होता त्याहून घाणेरडा निघाला. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, फक्त मवाळ होता. गोफण्या बर्फात नाचला. गोफण्यानं कुत्र्याला मिठी मारली. मी दात खात, हात टाळीच्या तयारीत धरून बसलो होतो. पडद्यावर गुंड दिसला की आई विचारायची, "हेच का?" दाजी म्हणायचे, "न्हाई. माजा पुढं हाय." मध्यांतर झालं. मारामारी झाली. मग पाऊस आला आणि दाजी अंधारात हळूच म्हणाले, "ह्यो पाऊस माजा हाय." आम्ही पावसाला टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले.

मग नावं आली. दिवे लागले. घोंगडी तुडवलीच नाही.

आम्ही दारात आलो तर थेटरचे मॅनेजर चहाचा ट्रे घेऊन उभे. "अध्यक्ष, अभिनंदन. बीडच्या चाहत्यांच्या भावनांचा आदर करून कंपनीनं ते घोंगडीचं दृश्य काढून टाकलंय. त्यांच्या पत्रात तुमच्या निवेदनाचा उल्लेख आहे."

"कधी काढलं?"

"लागायच्या आधीच. म्हटलं तुमचं आंदोलन होऊ द्यावं. तेवढीच गर्दी."

मी रस्त्याच्या खड्ड्यांवर निवेदनं दिली. बंद दिव्यांवर दिली. बसस्थानकाच्या मुतारीवर तर सचित्र दिलं. एकही मागणी आजवर मान्य झाली नाही. या सरकारात, मागच्या सरकारात, कधीच नाही. आणि आयुष्यात पहिली मागणी मान्य झाली ती ही.

दाजींनी चहाला हात लावला नाही. ताईची भरलेली पिशवी घरून उचलली. "शीन परत आला की कळवा," एवढंच बोलले. ताई जाताना मला म्हणाली, "काडलास ना? आता घालून दे."

मी त्या रात्री झोपलो नाही, पत्रक लिहिलं. मथळा: 'घोंगडी तुडवलीच पाहिजे.'

"भाई," सलीम म्हणाला, "मागच्या हप्त्यात आपन उलटं म्हनायलतो."

"तेव्हाची परिस्थिती वेगळी होती."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला पहिल्यांदा आमच्या आमदारांविषयी आपुलकी वाटली. दोन्ही सदस्यांनी तत्त्वासाठी राजीनामा दिला. (चहाला येतात.) पिस्तूल, बर्फ, कुत्रा यांना माझा विरोध आजही कायम आहे, याची नोंद घ्यावी. पण दाजींवर अन्याय झाला होता, आणि अन्याय म्हटला की मी बसत नाही.

नवा फ्लेक्स छापायला वेळ नव्हता. जुनाच धुतला, नाकावरचे चपलेचे डाग पुसले, खालच्या दोन्ही लाल ओळींवर कोरी पट्टी चिकटवली. तिथं 'आमचा माणूस, आमचा अभिमान' असं लिहायचं होतं, पण रंग संपला. म्हटलं, राहू दे. जोड्यांचं पाप फेडायला झेंडूचा घसघशीत हार घातला, आईनं सांगितलं म्हणून उदबत्ती लावली, आणि थेटरासमोर एकटा उभा राहिलो.

पाठिंबा असा कधी पाहिला नव्हता. लोक थांबत होते, चपला काढत होते, फोटोला हात जोडत होते. एक आजोबा तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई वाईट झालं बाबा. कोन तुमचे?"

"दाजी."

"डोळ्याला लागलं होतं का?"

"शूटिंगमधी," मी म्हणालो.

आजोबांनी डोळे पुसले. तेव्हाही मला कळलं नाही!

सांजेला ताईचा फोन आला. "काय केलंस रं तू? तुज्या फ्लेक्सचा फोटू हितं वडवनीत फिरतोय, लोकांनी कान वळखले आन बाजारपेठ बंद झालीय. दारात मानसं बसायला आलीत, आन हे सवता त्यास्नी च्या द्यायलेत."

"मग लोक काय म्हणतात?"

"म्हनतेत, धीराचा मानूस होता."

दुसऱ्या दिवशी दाजींनीच ताईला माहेरी आणून सोडलं. भेटायला येणाऱ्या बायका तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघून कुजबुजायला लागल्या होत्या. महिनाभर राहा म्हणाले, गलका शांत होईपर्यंत. आईच्या आनंदाला पारावार नाही. दाजी मात्र दाराशीच थांबून मला म्हणाले, "मेहुने, एवढं निस्तरा." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दाजींनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

पत्रक तयार आहे. मागणी एकच: दाजी जिवंत आहेत. सलीम फुकट छापायला तयार आहे, त्याची अट एवढीच, की खाली माझं नाव नको. म्हणतो, लोकांचा विश्वास बसला पाहिजे.