वेल्डरचा नमुना

वेल्डरची थोरली मुलगी आमच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ज्यांच्या घरातलं कोणी कधी प्रयोगशाळेची पायरी चढलेलं नाही, अशा मुलामुलींना सुट्टीत संशोधनाची ओळख करून द्यायची एक योजना निघाली आणि तिची निवड झाली. काम चांगलं उतरलं, तर शिक्षण संपेपर्यंत प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. तिला तेवढंच हवं होतं. योजनेचं ऑफिसचं काम माझ्याकडे होतं. येता-जाता ती "काका, काका" करत सगळं सांगायची.

विषय मिळाला वेल्डिंगच्या जोडाचा. निरनिराळ्या वर्कशॉपांतून जोडलेल्या पट्ट्या आणायच्या, यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायच्या. प्रयोगशाळेच्या मॅडमनी बजावलं होतं, "रोजच्या कामातला तुकडा हवा." पोरीने घरी एवढंच सांगितलं, "बाबा, एक नमुना द्या."

तिथेच घोटाळा झाला. कारागिराच्या लेखी नमुना म्हणजे गिऱ्हाइकासमोर ठेवायचा देखणा तुकडा. बापाने जोड केला आणि ग्राइंडर मारून असा गुळगुळीत केला की बोट फिरवलं तरी कळेना.

"अहो, लग्नाला उभा करायचाय का त्याला?" आई म्हणाली.

"तू गप्प बस. तिथे शिकलेली माणसं बघणार आहेत."

घासताना जोडात भरलेला धातूच निघून गेला होता. यंत्रात सगळ्यांत आधी तोच तुटला.

शेवटच्या दिवशी मुलांनी आपापलं काम सांगायचं होतं. घरच्यांना बोलावलं होतं. वेल्डर इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत ताठ बसला. पोरगी छान बोलली. मग मॅडमनी सहज विचारलं, "आणि तुझ्या वडिलांच्या जोडाचं काय झालं?"

तिने मागे पाहिलं. बाप खुर्चीत पुढे सरकला होता.

"तो... हरवला, मॅडम."

तो तुटला तेव्हा मॅडम शेजारीच उभ्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं. प्रयोगशाळेचं ओळखपत्र परत करायला मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा त्यांचं बोलणं तिने मला सांगितलं: "तुटला त्याचं काही नाही गं. का तुटला हेच तर शोधायचं होतं. पण लपवलंस, आता तुझ्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू?" जागा दुसऱ्या कुणाला गेली.

परवा फाटकाची बिजागरी जोडून घ्यायला गेलो. वेल्डर सुरूच झाला, "साहेब, एवढी मोठी प्रयोगशाळा, आणि माझा तुकडा हरवतात! तो असता तर पोरगी आज तिथे असती. हिलाच विचारा, वेंधळी कुठली."

ती आतून हातमोजे घालून आली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझ्याच हातून गेला," म्हणाली आणि तिने ग्राइंडरचं बटण दाबलं.