पोळ्याला उतरवलेलं सामान

वडनेर भोलजीजवळ हायवे सोडला की आमच्या मळ्यापर्यंत अडीच किलोमीटरची पांदण आहे. कागदावर तिला रस्ता म्हणतात. प्रत्यक्षात ती दोन बाजूंच्या शेतांमधली काळी माती आहे. उन्हाळ्यात तिच्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. पावसाळ्यात ती चाकाला थरावर थर चिकटत जाते आणि शेवटी चाक मडगार्डमध्ये घट्ट बसून फिरायचंच थांबतं. या पांदणीने बाबांना आठवड्यातून तीनदा मलकापूरला डायलिसिसला न्यायचं, हे माझं काम. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्यात सूट नाही. बाबांच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं आहे आणि अंगात साचलेलं पाणी मशीनशिवाय निघत नाही.

गावात एखादी खोली करा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. बाबा ऐकतील तर ना. "मी वांग्याच्या वाफ्याजवळ मरीन, पण गल्लीत नाही राहणार," हे त्यांचं उत्तर. मग मी चारही चाकं ओढणारी एक जुनी जीप घेतली. त्याच वर्षी बैलजोडी विकली. बैलांचं करणार कोण? बाबांच्याने वाकवत नव्हतं आणि माझा अर्धा आठवडा मलकापूरला जात होता. जोडी गेली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

नुसती जीप घेऊन भागत नाही, हे पहिल्याच पावसात कळलं. ओहोळाच्या उतारावर ती पोटावर बसली आणि चारही चाकं जागच्या जागी फिरू लागली. त्या दिवशी नशिबाने येताना फसलो होतो, बाबांचं पाणी काढून झालं होतं. पण मी धसका घेतला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकलो. शहरातली माणसं हौसेने, पदरचे पैसे घालून चिखलात गाडी रुतवायला जातात आणि मग ती कशी काढायची ते हसत हसत शिकवतात. मला त्यांचा भारी राग यायचा. पण विद्या त्यांच्याकडेच होती, करता काय?

गाडीच्या मागच्या भागात मी एक लोखंडी पेटी बोल्टने पक्की केली. तिच्यात गाडी खेचायचा रुंद पट्टा, तो अडकवायच्या दोन जाड लोखंडी कड्या, आखूड दांड्याचं फावडं, जॅक आणि तो मातीत घुसू नये म्हणून खाली ठेवायची सागवानी फळी. चाकाखाली सारायला जाळीच्या दोन लोखंडी पट्ट्या आणि चार गोणपाटं. टायरची हवा कमी करायची तर मोजायचं गेज, नंतर भरायला छोटा पंप. जे आधी लागतं ते वर, हा माझा नियम. चिखलात उभं राहून अख्खी पेटी उपसायची वेळ आली की माणसाचं डोकं फिरतं. माझं तर आधीच अर्धं फिरलेलं असतं. पेटीच्या बाहेर बाबांची पिशवी: फाइल, गोळ्या, चादर, बिस्किटं. आणि पाच लिटर पाणी, ते फक्त माझ्यासाठी आणि गाडीसाठी. बाबांना दिवसाला मोजून सातशे मिली.

प्रत्येक खेपेच्या आदल्या संध्याकाळी मी कागदावरची यादी घेऊन एकेक वस्तू हाताने चाचपायचो आणि पुढे खूण करायचो. बायको म्हणायची, "तुम्ही जेवढं त्या पेटीकडे बघता, तेवढं एखाद्या दिवशी माह्याकडे बघितलं असतं तं मी धन्य झाली असती." मी हसायचो नाही. तेव्हा मला कशाचंच हसू येत नव्हतं.

त्या वर्षी पोळा सोमवारी आला. रविवारी संध्याकाळी मी पेटी तपासून खुणा केल्या, कागद नेहमीप्रमाणे काचेपाशी खोचला आणि वळलो, तर बाबा वाटीत तूप आणि हळद कालवून जीपपाशी उभे. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाहळदीने मळतात. वर्षभर जू ओढून तिथली कातडी घट्ट झालेली असते. बाबांनी जीपच्या पुढच्या हुकाला हळद चोळली, दोन्ही बाजूंनी, सावकाश. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

शेजारचा शेतकरी बांधावरून बघत होता. त्याची जोडी अजून आहे. तो ओरडला, "काहो भाऊ, उद्या पुरणपोई चारता का डिझेल पाजता?"

"दोन्ही," बाबा म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

मग ते म्हणाले, "इचं सामान उतरव. पट्टा, फावडं, कड्या, सगळं. घरात देवापाशी मांड. पोयाच्या दिवशी बैलाच्या अंगावर ओझं ठेवत नसतेत."

"बाबा, उद्या सोमवार हाय. जायचं हाय आपल्याले."

"उद्या नाही. उद्या मी कुठीच येत नाही. परवा जाऊ."

मी तासभर डोकं फोडलं. शुक्रवारनंतर थेट मंगळवार म्हणजे चार दिवसांचं अंतर, किती पाणी साचेल, दम लागेल, हे सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते आणि मान हलवत होते, पण ती मान होकाराची नव्हती. शेवटी मी सेंटरला फोन लावला. तिथल्या माणसाने आधी समजावलं, मग मंगळवारी सकाळची जागा दिली आणि बजावलं की पाणी अगदी कमी द्या, त्रास झाला तर थांबू नका. मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर मलाही सुटका वाटली. एक दिवस गाडी काढायची नाही, या विचाराने माझंही अंग सैल पडलं.

पेटी मी स्वतःच्या हाताने रिकामी केली. हे कोणावर ढकलता येत नाही. पट्टा गुंडाळून, कड्या, फावडं, जॅक, सगळं देवघरासमोर पाटावर मांडलं. बायकोने हळदकुंकू वाहिलं. सोमवारी जीपला झूल म्हणून जुनी नऊवारी घातली, बोनेटपुढे पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. बाबांनी अर्धी पोळी खाल्ली, ती त्यांना चालत नाही. पण दिवसभर ते बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होते. संध्याकाळी पाऊस लागला आणि रात्रभर थांबला नाही.

मंगळवारी सकाळी बाबांना दम लागायला सुरुवात झाली होती. पाय सुजून घोट्याची हाडं दिसेनाशी झाली होती. मी घाईने त्यांना बसवलं, पिशवी ठेवली, काचेपाशी खोचलेला कागद बघितला. सगळ्या वस्तूंपुढे खुणा होत्या. मी गाडी काढली. पूजेचं सामान करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अंघोळ करून उचलायचं असतं आणि मी अंघोळ न करताच निघालो होतो, त्यामुळे देवघराकडे फिरकलोच नाही आणि पाटावरचं सामान नजरेस पडलं नाही.

ओहोळाच्या पलीकडच्या चढावर जीप बसली. मी उतरलो, मागे गेलो, पेटीचं झाकण उघडलं. आत तळाशी थोडी वाळलेली माती होती आणि एक गोणपाट. मी झाकण परत लावलं आणि परत उघडलं, इतका मी बावळट.

घर दीड किलोमीटर मागे. बायकोला फोन केला, तर ती रडायलाच लागली. निदान पट्टा तरी खांद्यावर घेऊन निघते म्हणाली. पण पट्टा आला तरी ओढायला दुसरी गाडी हवी होती. ट्रॅक्टरवाल्या तिघांना फोन केले. पोळ्याची कर म्हणजे मटणाचा आणि बाटलीचा दिवस. एकाने उचलला नाही, दुसऱ्याच्या बायकोने उचलून सांगितलं की ते उठण्याच्या अवस्थेत नाहीत. तिसरा जळगावला पाहुण्यांकडे गेला होता. मी हाताने माती उपसायला लागलो. बाबा खिडकीतून बघत होते. त्यांच्या डाव्या हातात सुई लावायची शीर केलेली आहे, त्या हाताने काही उचलायचं नाही. तरी ते दार उघडून उतरायला बघत होते. मी त्यांच्यावर असा खेकसलो की पलीकडच्या शेतातले बगळे उडाले.

"बसा तिथं! हे सगळं तुमच्या पोयापायी झालं!"

ते बसले. थोड्या वेळाने त्यांना बसवेनाही. मान पुढे टाकून, तोंड उघडं ठेवून ते श्वास ओढत होते आणि त्यांची नजर पाच लिटरच्या कॅनवर होती. मी कॅन मागे सरकवला. आयुष्यात मी कोणाच्या बाबतीत केलेली ती सगळ्यात वाईट गोष्ट आहे आणि तीच बरोबर होती.

शेवटी शेजारी आला. बायको पट्टा घेऊन धावत जाताना त्याला दिसली होती. करीच्या दिवशीही बैलांना जुंपत नाहीत. तो आपली जोडी घेऊन आला, बैलांच्या शिंगांना कालचे रंग आणि कपाळाला बाशिंग तसंच होतं. जू चढवलं, बैलांच्या कानापाशी काहीतरी पुटपुटला, पट्टा बांधला. मी पहिला गिअर टाकला, त्याने हाळी दिली. तिसऱ्या ओढीला जीप वर आली. तेव्हा अकरा वाजून गेले होते.

बाबा वाचले. मशीन लावून पाणी काढलं, पण दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा असं झालं तर हमी नाही. मी मान खाली घालून ऐकलं. घरी आल्यावर देवघरासमोरचं सामान उचललं, एकेक वस्तू पुसली, पेटीत भरली. पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात बांधली. बाबांशी मी आठ दिवस कामापुरतं बोललो.

नंतरच्या एका रविवारी संध्याकाळी मी पेटी उघडून सामान चाचपत होतो. बाबा बाजेवर बसून बघत होते. एकाएकी म्हणाले, "किती भरतं बे? फसलो तं फसलो."

मी भडकलो. "फसलो तं फसलो? मांगं कसे फसलो होतो, इसरले का? तुमच्या त्या पोयापायी मरत होते तुम्ही."

"पोया," ते म्हणाले आणि थोडं थांबले. दम अजून पुरत नव्हता. "मले कायचा पोया रे. बैल तं इकून टाकले. मले एक सोमवार पायजे होता. सुईबिगर."

माझ्या हातात जॅक होता. तो मी खाली ठेवला. इतके दिवस मी त्यांना हट्टी, जुन्या वळणाचे, अडाणी समजून मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्यांनी आयुष्यात सुट्टी मागितली नव्हती. ती कशी मागतात हेच त्यांना माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी बैलाच्या नावाने मागितली. मला फार लाज वाटली. आणि भीती तर त्याहून जास्त, कारण त्यांना पुढे काय विचारायचंय ते मला दिसत होतं.

"उद्या मी येत नाही म्हटलं तं?" त्यांनी विचारलं. "उचलून नेशील का?"

"हाव. नेईन."

"बरं," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी जीप दारात लावली, तर बाबा बाजेवरून उठलेच नाहीत. रागावलेले नव्हते. नुसते माझ्याकडे बघत बसले होते. मी एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि त्यांना उचललं. त्यांनी अंग आखडलं नाही, पण माझ्या गळ्यात हातही टाकला नाही. सीटवर बसवलं. बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

आदल्या रात्री पाऊस झालेला. ओहोळ उतरलो, चढाला लागलो आणि त्याच जागी चाकं घसरायला लागली. मागच्या पेटीत सगळं होतं, वरचं वर, खालचं खाली. जीप एकदा मागे सरकली. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आणि मला वाटलं, फसू दे. माझ्या हातून काही न होता, आजचा दिवस त्यांना मिळू दे.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझा पाय पेडलवर तसाच दाबलेला होता. चाकांनी कुठेतरी पकड घेतली आणि गाडी चढ चढून गेली. बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.