दार कोण वाजवेल

शारजाला लेकाकडे आले, की संध्याकाळी मी बिल्डिंगखालच्या बागेत बसते. तिथे एक पुण्याची बाई रोज दिसायची. मध्येच थांबायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, की पुन्हा सुसाट चालायला लागायची.

एकदा म्हटलं, "अगं, बस की जरा!"

बसते कसली! उभ्यानंच सांगू लागली. लेकीला विलायतेत आणि अमेरिकेत, दोन्हीकडच्या नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळालेला, आणि त्याच दिवशी त्यातलं एक निवडून कळवायचं होतं.

"विलायतेत काळे झगे घालून जेवणं, थाट मोठा, पण खोलीत एकटी. अमेरिकेत खोलीत दुसरी मुलगी, सतरा क्लब, पण केवढं लांब! नाव दोन्हीकडे मोठंच आहे हो, आजी. पण ताप आला तर दार कोण वाजवेल, ते कुठल्याच रँकिंगमध्ये नाही."

तेवढ्यात लेक धावत आली. "मम्मी, डन! खलास!"

हिनं देश विचारलाच नाही. "खोलीत कोण आहे गं?"

"नोबडी! माय ओन रूम!" पोरीनं आनंदानं गिरकीच घेतली.

"छान झालं," म्हणत तिनं लेकीचा गाल कुरवाळला आणि पुन्हा चालायला लागली, आणखीच सुसाट.

या वेळी मी तिला बस म्हटलं नाही.