बेहालातलं गुरुवारचं वाचन

चार माणसं दर आठवड्याला शास्त्र वाचायला बसली की अर्थ किती साठतो ते देव जाणे, किस्से मात्र भरपूर साठतात. आमचे तर इतके साठलेत की नवीन माणूस आला की आधी तेच सांगावे लागतात.

बँकेच्या बदलीने मी कोलकात्यात आले, तेव्हा इथे मराठीत प्रार्थना करणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. भेटले. बेहाला भागात कुसुममावशींच्या फ्लॅटमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही पाच जण जमतो. मावशी, त्यांची इथेच जन्मलेली शिक्षिका मुलगी रूथ, हावड्याहून येणारे रिटायर्ड रेल्वेवाले प्रभुदासकाका, बजबजच्या तेल डेपोतला इंजिनीअर शांतवन आणि मी. बायबलचा एक अध्याय, एक प्रार्थना, मग चहा.

*

शांतवन पहिल्यांदा आला तेव्हा पूर्ण तयारीनिशी आला होता. पेरणाऱ्याचा दाखला होता, बी पेरणाऱ्या शेतकऱ्याची येशूची बोधकथा. त्याने तो भराभर वाचला आणि मोबाइल काढून जमिनीचे प्रकार, मूळ भाषेतले शब्द, तिथला पाऊस, सगळं समजावून सांगितलं. चहा दोनदा गरम करावा लागला.

शेवटी त्याने काकांकडे पाहिलं. "काका, काही राहिलं का?"

"छान सांगितलंस," काका म्हणाले. "आता ते जरा परत वाच. बी कुठं पडलं तेच मी विसरलो."

शांतवन त्या दिवशी हिरमुसला. पुढच्या गुरुवारी येणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. तो आला, आणि येताना मोबाइल चपलांच्या रॅकवर ठेवून आत आला.

*

कुसुममावशी वरच्या मजल्यावरच्या बंगाली वहिनींशी, म्हणजे बौदींशी, बोलत नसत. बौदी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत आणि ते मावशींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडे. एका गुरुवारी क्षमेचा अध्याय निघाला. वाचून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "मी तिला माफ केलं."

"तिला सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"देवाला सांगितलं की."

"देव काही वरच्या मजल्यावर राहत नाही."

मावशी उठल्या, डब्यातल्या करंज्या ताटलीत काढल्या आणि जिना चढून गेल्या. आम्ही खाली बसून कान देत होतो. थोड्या वेळाने रिकामे हात घेऊन परतल्या.

"काय म्हणाली?" रूथने विचारलं.

मावशी खुर्चीत बसल्या. "तिला भांडणच माहीत नाही. इतके दिवस तिला वाटत होतं, मला बंगाली येत नाही."

*

रूथला मराठी समजतं, पण तिच्या डोक्यात आधी बंगाली उगवतं. मागच्या वर्षी शाळेत तिचे हाल चालले होते. कुणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा तास हिच्या गळ्यात. जेवायलाही वेळ मिळेना. मुख्याध्यापिकांशी बोलायची तिला भीती वाटायची. म्हणून आम्ही दर गुरुवारी प्रार्थना करू लागलो, "प्रभू, रूथला धैर्य दे." रूथचं आमेन सगळ्यांत मोठं असे.

बरेच आठवडे गेले. तब्येत उतरली, पण ती काही बोलेना. एकदा काकांनी विचारलंच, "अगं, बोललीस का बाईंशी?"

"नाही काका. धैर्य धरलंय ना मी."

"मग बोलायचं कधी?"

"पण तुम्हीच तर सांगताय, धैर्य धर म्हणून!"

मावशींनी कपाळाला हात लावला. बंगालीत धैर्य म्हणजे धीर धरणं, वाट पाहणं. आम्ही तिच्यासाठी हिंमत मागत होतो, आणि ती आज्ञाधारकपणे थांबून राहिली होती.

दुसऱ्याच दिवशी ती मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. जादा तास वाटून दिले गेले. त्या गुरुवारी शांतवन म्हणाला, "म्हणजे आपली प्रार्थना इतके दिवस चुकीच्या पत्त्यावर जात होती."

"चुकीच्या कशी?" रूथ म्हणाली. "दोन्ही मिळालं मला."

*

काकांच्या पत्नी, मनोरमाकाकू, गुडघ्यांमुळे कधी येऊ शकल्या नाहीत. दोघं घरी अध्याय आधी वाचत, मग काका बस पकडत. काकांचा एक दंडक होता. क्रमाने जे येईल ते वाचायचं, आवडीचं शोधायचं नाही, मधलं गाळायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी काकू गेल्या. गुरुवारी काका येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते वेळेवर आले, जागेवर बसले. वाचायची पाळी त्यांचीच होती आणि अध्याय निघाला वंशावळीचा. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा, नुसती नावं.

शांतवन हळूच म्हणाला, "काका, आज एखादं स्तोत्र वाचू या का? सांत्वनाचं?"

"आलंय ते वाचू," काका म्हणाले.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. अवघड नावं, पण एकाही नावावर ते अडखळले नाहीत. पान उलटायच्या आधी ते थांबले.

"मनोरमा दरवेळी इथं अडवायची," ते म्हणाले. "विचारायची, एवढ्या सगळ्यांच्या बायकांची नावं कुठं आहेत?"

रूथने विचारलं, "तुम्ही काय सांगायचात काका?"

"मी म्हणायचो, पुढं वाच."

अध्याय अजून अर्धा बाकी होता. काकांनी पुस्तक मिटलं.