अर्जुनरावांनी केलेली बैठक

मेहकरात अर्जुनरावांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या, गोठ्याची फाटकं, असली कामं. बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी जानेफळच्या योगिनीनं मोबाइलवर बर्फावर बसून घसरायच्या बैठकीचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि टेप काढला.

योगिनी शाळेत क्लार्क. स्कूटीच्या अपघातात तिचे पाय कायमचे लुळे पडले. पुढे काश्मीरच्या एका शिबिरात ती बसून करायचं स्कीइंग शिकली. खाली दोन पट्ट्या, वर बैठक, हातात दोन काठ्या. बर्फावर सगळं अंग हातांच्या जोरावर रेटायचं. गावाकडं सरावासाठी पट्ट्यांच्या जागी चाकं लावायची.

अर्जुनरावांनी फोटोबरहुकूम गुडघे वर, छातीजवळ येतील अशी बैठक केली. योगिनी डांबरी रस्त्यावर सुसाट जाऊ लागली. त्या हिवाळ्यात ती बर्फावरच्या स्पर्धेत तिसरी आली. दुकानात पेढे आले.

मग एके दिवशी तिची आई, रुक्मिणीबाई, दुकानात येऊन उभी राहिली.

"पोरगी तुम्हाले सांगनार नाई," ती म्हणाली. "कमर धरली तिची. रोज मीच उचलून राह्यली तिले."

दुपारी अर्जुनरावांनी स्वतःचे पाय जुन्या ट्यूबनं बांधले आणि त्या बैठकीत बसून रस्त्याच्या वळणापर्यंत गेले. काठी मारली की अंग पुढं दुमडायचं, आणि सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यावर यायचा. परतल्यावर त्यांना सरळ उभं राहता येईना. आपण लोखंड मोजलं, पोरीला मोजलंच नाही, हे त्यांना फार लागलं.

दुसरी बैठक त्यांनी गुडघे खाली घेऊन केली, छातीपुढं गादीचा आधार दिला. कमर शांत झाली. पण आता अंग पुढं झुकेना. हातच सगळं ओढू लागले. वेग गेला, आणि तीन आठवड्यांत उजवा खांदा दुखू लागला.

या वेळी योगिनीनं लपवलं नाही. "काका, कमर दुखली तं मी पडून राहीन. खांदे गेले तं पलंगावरून खुर्चीतही येता येनार नाई मले. खांदेच माहे पाय हायेत."

बुलढाण्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, की एक सांधा वाचवला की भार दुसऱ्यावर जातो. मधली जागा शोधा. अर्जुनरावांनी बैठकीच्या दांड्याला बोटबोट अंतरावर भोकं पाडली. महिनाभर रोज सकाळी ते बोल्ट काढून पुढच्या भोकात घालायचे, ती फेरी मारून यायची, कुठं दुखतं ते सांगायची. गुडघे कमरेपेक्षा जरा खाली आले, छातीचा आधार सैल झाला. पहिल्या वर्षीचा वेग मात्र परत आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. सातवी आली होती.

"माह्यामुळं गेला तुहा नंबर," अर्जुनराव म्हणाले.

"हाव, गेला," योगिनी शांतपणे म्हणाली. "पन उद्या दुसरी शर्यत हाय काका, अन् मी उतरून राह्यली. मागच्या साली दुसऱ्या दिवशी उठताच आलं नव्हतं मले."

फोन ठेवून अर्जुनरावांनी वेल्डिंग मशीन बंद केलं आणि ते स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्यांनी त्याला उद्या यायला सांगितलं.