सोपानच्या वाटेतली चारी

किस्से हे लेंड्यांसारखे असत्यात. मेंढरं रानात बसवली की रातभर तिकडं कुणी बघत न्हाई, सकाळी उठावं तर सगळं रान भरलेलं. आमच्या घरात असेच किस्से साचलेत. मला तिसरीतनं मास्तरांनी हाकलून दिलं, त्यामुळं माझं लिहिणं वाकडं हाय. किस्से सरळ हायत.

सगळे किस्से एकाच गोष्टीचे. माझा थोरला पोरगा सोपान जाड झाला. का झाला, हे मला कळंना. आमच्या मागच्या पिढ्या मेंढरांमागं चालून गेल्या, एकालाबी पोट न्हवतं. माझ्या बापाचं धोतर कमरेवर टिकायचं न्हाई, कारण अडायला तिथं काय न्हवतंच. मग एका पिढीत हे पोट आलं कुठनं?

एकटा सोपान असता तर म्हणलो असतो, नशीब त्याचं. पण न्हावऱ्यापासनं शिरूरपर्यंत सडकेला उभं राहून बघा. वरवंडला लेकीकडं गेलो तर तिथं जावईबी तसलाच. ही काय साथ हाय का? साथीला निदान ताप तरी येतो.

*

शिरूरच्या डॉक्टरनं सोपानचं रक्त तपासलं. साखर वाढलेली, बीपी वाढलेलं, लिव्हरला चरबी. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, पोरगं चाळिशीचं हाय आन् हृदय साठीचं झालंय. असंच चाललं तर तुमच्या डोळ्यांदेखत काहीतरी होईल."

मी म्हणलं, "डोळ्यांदेखत म्हंजी?"

त्यांनी रिपोर्टाची घडी घालून माझ्या हातात दिली. मला कळलं. बापाला पोरानं पोचवायचं असतं. उलटं मला चालणार न्हाई.

मी विचारलं, "पण डॉक्टर, हे होतं कशानं?"

"बैठं काम, अवेळी जेवण, झोप न्हाई, चालणं न्हाई."

मी त्यांच्या टेबलाकडं बघितलं. टेबल पुढं होतं, डॉक्टरांचं पोट टेबलावर होतं. म्हणलं, "मग तुमचं?"

डॉक्टर हसले. "आबा, मला कारण माहीत हाय. कारण माहीत असल्यानं पोट जातं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

माणूस खरा निघाला. तेव्हापासनं मी त्यांच्याच गोळ्या घेतो.

*

आमच्या शिंप्याकडं सोपानची पॅन्ट टाकायला गेलो. शिंपी माझ्याच वयाचा, दात पडलेला. मी म्हणलं, "तू इतक्या कमरा मोजतोस. तुला काय वाटतं, लोकं का फुगली?"

तो म्हणाला, "का ते मला न्हाई ठाव. पण पूर्वी पोरांच्या कपड्याला शिवणीत जादा कापड सोडायचो, पोरगं वाढतंय म्हणून. आता पोरं रेडिमेड घालत्यात."

"मग आता जादा कापड सोडत न्हाईस?"

"सोडतो की. आता बापाच्या कपड्याला सोडतो."

*

डॉक्टरनं सांगितलं म्हणून सोपान रोज सकाळी चालायला जाऊ लागला. शाळेच्या ग्राउंडवर. ग्राउंडपर्यंत मोटरसायकलवर जायचा, तिथं गोल गोल फिरायचा, परत मोटरसायकलवर यायचा. मी म्हणलं, "लेका, इथनं तिथं चालत गेलास तर तिथं फिरायची गरज काय?"

"आबा, ते चालणं वेगळं. हे वॉकिंग हाय. बूट बघा."

बूट खरंच भारी होते.

एक दिवस बघतो तर हा बाजेवर पडलेला. म्हणलं, "का रे, आज वॉकिंग न्हाई?"

"कसं जाणार? गाडी पंक्चर हाय."

*

सोपानच्या कंपनीनं एकदा घरच्यांना आत नेऊन सगळं दाखवलं. रांजणगावला. मला वाटलं, पोरगं तिथं लोखंड उचलत असंल. आत बघतो तर थंडगार हॉल आन् सोपानला चाकाची खुर्ची. यंत्रच माल उचलतं, यंत्रच ठेवतं.

मी म्हणलं, "तू काय करतोस?"

"लाइट हिरवी हाय का बघतो."

"आन् लाल झाली तर?"

"मग ज्याचं काम हाय त्याला बोलावतो."

मला वाईट न्हाई वाटलं. पोरगं थकून येतं, हे मी बघितलेलं. मी दिवसभर मेंढरांमागं फिरून पाय दुखवून यायचो, हा दिवसभर बसून डोकं दुखवून येतो. थकवा दोघांनाबी. पण माझा थकवा भाकरी जाळायचा. ह्याचा थकवा भाकरी मागतो. असं का, ते मी त्याच्या सायबालाबी विचारलं. सायेब म्हणाला, "आबा, कँटीनला चला, आज गुलाबजाम हाय."

कँटीनला सोपाननं चार गुलाबजाम घेतले. मी डोळे वटारले. तो म्हणाला, "फुकट हाय आबा, न्हाई खाल्लं तर फेकून देत्यात." दुष्काळ बघितलेल्या घरातलं पोरगं. अन्न टाकू नको, हे मीच शिकवलेलं.

*

माझी सून मंदा. ती मला मामा म्हणते. बाई कष्टाची हाय, जिभेची तिखट हाय. मी एकदा जेवताना म्हणलं, "कंपनीत जेवून येतो, परत घरी कशाला वाढतेस?"

तिनं पळी खाली ठेवली. "मामा, रात्रपाळी करून माणूस दारात आलं तर त्याला काय ताट दाखवून परत ठेवू? तुम्ही मेंढरांकडनं आल्यावर आत्याबाईंनी तुम्हाला उपाशी निजवलं का कवा?"

"मी पाच भाकरी खायचो. खाऊन जिरवायचो."

"मग ह्यांना जिरवायला शिकवा. माझ्या चुलीला कशाला बोल लावता? माझ्या हातचं खाऊन फुगले, असं गावभर सांगा आता."

त्या दिवसापासनं ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. चहा आणायची, कप ठेवायची, जायची. पण बोलली ते माझ्या डोक्यात राह्यलं. पाच भाकरी मी खरंच खायचो. वर दूध. सोपान तीन चपात्यांत उठतो. म्हंजी दोष नुसत्या खाण्याचा न्हाई. मग कशाचा?

*

उत्तर दिलावरभाईनं दिलं. दिलावरभाई वरवंडकडचा जुना व्यापारी, ईदच्या आधी आमच्याकडं बोकड बघायला येतो. बोकडाच्या पाठीवर हात दाबला की त्याला चरबी कळते.

त्या वर्षी एकाच शेळीची दोन करडं मी वाढवली होती. एक कळपात चरायला जायचं. दुसरं विकायचं म्हणून सावलीत बांधलेलं. बांधलेल्याला मक्याचा भरडा जागेवर, पेंड जागेवर, पाणी जागेवर. पाय हलवायचं काम न्हाई. विकायचं जनावर असंच करायचं असतं, हे आमच्यातल्या लहान पोरालाबी ठाव हाय.

दिलावरभाईनं बांधलेल्याची पाठ दाबली आन् म्हणाला, "तयार हाय." मग ओसरीकडं बघितलं. सोपान पाळीवरनं आलेला, बाजेवर बसलेला. मंदानं ताट हातात दिलं, तांब्या हातात दिला, नातवानं फोनचा चार्जर हातात दिला. सोपान जागचा हलला न्हाई.

दिलावरभाई म्हणाला, "आबा, हा कवा काढायचा?"

सगळे हसले. सोपान सगळ्यात जास्त हसला. मंदा हसली न्हाई. मीबी न्हाई हसलो.

तेवढ्यात हॉर्न वाजला. कंपनीची गाडी, पार दारात. कुणाला तरी सुट्टी होती म्हणून सोपानला दुपारच्या पाळीला परत बोलावलेलं. बाजेवरनं उठला, गाडीत बसला. अंगणातली कोंबडी त्याच्यापेक्षा जास्त चालली असंल.

*

आमची वस्ती सडकेपासनं आत हाय. तंबाखूचा एक बार संपतो एवढी वाट. वाट आमच्याच रानातनं जाते, दुसऱ्या कुणाचं घर तिच्यावर न्हाई. दुसऱ्या दिवशी मी फावडं घेऊन सडकेजवळ गेलो आन् वाटेत आडवी चारी खणली. गुडघाभर खोल. माणूस उडी मारून जाईल, गाडी जाणार न्हाई.

सोपान रात्री आला तो चालत. "आबा, वाट कुणी खणली?"

"मी. पाइपलाइन टाकायची हाय."

"पाइप कुठं हाय?"

"येणार हाय."

गाडीचा ड्रायव्हर युपीचा, भला माणूस. तो खाली उतरून चारी बघायचा. "बाबा, ये गड्ढा कब भरेगा?"

"पाइप आली की."

"पाइप कब आएगी?"

"आली की सांगतो."

सोपाननं चारीवर फळी टाकली, मोटरसायकल काढायला. फळी चांगली वाळलेली होती, पाणी तापवायला कामी आली. मग त्यानं मोटरसायकल सडकेपलीकडं ओळखीच्याकडं लावून ठेवली. तरी घरापासनं तिथपर्यंत चालणं आलंच, जाताना आन् येताना. पहिल्या आठवड्यात वाटेत दोनदा बसत यायचा. धापा टाकत मला शिव्या द्यायचा. शिव्या द्यायला दम लागतो, तो हळूहळू वाढला.

मंदा तर अंगणात उभी राहून चार रानं ऐकतील असं बोलायची. "म्हातारपणी डोकं फिरलंय. सोन्यासारखी गाडी दारात यायची, ती बंद केली. लेकाला चिखलातनं चालवतंय म्हातारं."

मी तंबाखू मळत बसायचो.

पावसाळा गेला. एक दिवस दुपारी मंदा दारात बसून दाभणानं सोपानच्या पट्ट्याला नवं भोक पाडत होती. भोक आतल्या बाजूला होतं. मला बघितल्यावर तिनं पट्टा मांडीखाली सारला.

*

पण सोपानचा धीर सुटला. कंपनीत पोरं चिडवायची, सायेब रोज गाडीला उशीर म्हणून बोलायचा. दिवाळीच्या तोंडावर मला कमरेत लचक भरली. उठून बसायचं तर मंदाला आन् नातवाला दोन्हीकडनं धरावं लागायचं. सोपाननं तेवढी संधी साधली. सुट्टीच्या दिवशी जेसीबी आणला, चारी भरली, वर मुरूम टाकून दाबून घेतला. घरी येऊन माझ्या बाजेसमोर उभा राहिला.

"झालं आबा. उद्यापासनं गाडी दारात. पाइप आली तर मला आधी विचारा."

मी भिंतीकडं तोंड केलं. पोराला म्हणणार तरी काय? तू आधी जाशील म्हणून मला भ्या वाटतं, असं म्हणायची आमच्यात रीत न्हाई.

मंदा चुलीपाशी होती. म्हणाली, "बरं केलं. एकदाचं मिटलं."

सकाळी पहिली पाळी. सोपान बूट घालून अंगणात उभा, डबा हातात. हॉर्न वाजला. पण लांबनं वाजला, सडकेकडनं. परत वाजला, तिथनंच. मग त्याचा फोन वाजला. ड्रायव्हरचा आवाज मला बाजेवर ऐकू आला, "सोपानभाई, गड्ढा फिरसे आ गया."

सोपान तरातरा आत आला. "आबा, परत खणली? एवढा दाबलेला मुरूम, परत खणली?"

मला कूस बदलता येत न्हवती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंदा चहा घेऊन आली. सोपानला म्हणाली, "मामांशिवाय दुसरं कोण खणणार? आता भांडत बसू नका. चालायला लागा, गाडी निघून जाईल."

ती माझ्याजवळ आली. नेहमी कप ठेवून जायची, आज थांबली. कप तिनं पदरात धरून पुढं केला. मी घेतला. चहा कोमट होता. पदर सुटला तवा तिचे तळवे दिसले. दोन्हीकडं फोड आलेले, वर हळद लावलेली.

सोपान दारातनं ओरडला, "बोला की आबा. तुम्हीच खणली ना?"

मी चहाचा घोट घेतला आन् म्हणलं, "व्हय. पाइप येणार हाय."